मायचा पाय दुखायचा थांबला तेव्हा

माझी सून रोज सकाळी चहा ठेवता ठेवता विचारते, "आई, पाय कसा आहे आज?" मी म्हणते, "दुखून राहिला ना." तिचं तोंड उतरतं. बिचारी मलम आणते, पाणी कोमट करून देते, नवऱ्याच्या कानाशी लागते की आईंना एकदा नागपूरला दाखवून आणू. मी चहाचा घोट घेते आणि मनातल्या मनात म्हणते, दुखतोय ना, म्हणजे आहे तो. मला साखर निघाली त्याला आता खूप वर्षं झाली. सकाळी बोटं आखडलेली असतात, डावा खांदा वर जात नाही, तळपायांत जाळ पेटतो. पण "देवा, एवढं दुखणं घेऊन जा" असं माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. माझ्या मायनं तेच मागितलं होतं, आणि तिला ते मिळालं.

आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरचे. बाबा मराठी शाळेत मास्तर. माय पांढुर्ण्याकडच्या कापूसवाल्या घरातली, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. मीही तिच्यावरच गेले आहे असं लोक म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. घरात चौथं माणूस म्हणजे आत्या, बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन ती भावाकडे आली आणि जन्मभर आमच्याकडेच राहिली. तिला सगळ्या दुखण्यांवरचे उपाय ठाऊक होते, निदान तिची तशी खात्री होती.

स्वातंत्र्य आलं तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. मला त्या दिवसाचा झेंडा आठवत नाही, भाषणं आठवत नाहीत. आठवतात त्या मायच्या पोळ्या. आमच्याकडे मडक्यावर लांब पोळ्या करतात. कणीक इतकी सैल भिजवायची की ताट तिरपं केलं तर सांडून जाईल. तिचा गोळा दोन्ही तळहातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर टाकत टाकत वाढवायचा, तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद उतरवायचा. हे सगळ्याच बायांना जमत नाही. मायला जमायचं. लग्नाकार्यात तिला दुरून बोलावणं यायचं, आणि ती पदर खोचून मडक्यापाशी उभी राहिली की बाकीच्या बाया हातातलं काम टाकून पाहत बसायच्या. स्वातंत्र्याच्या त्या दिवशी तिनं आमच्या सगळ्या आळीला पोळ्या खाऊ घातल्या. घरात गव्हाचा दाणा उरला नाही म्हणून आत्या दोन दिवस धुसफुसत होती.

पुढं काही वर्षांनी आमच्या न्हाणीत मुंग्या लागायला लागल्या. माय जिथं लघवीला बसायची तिथंच त्या यायच्या. आत्यानं हळद टाकली, चुना टाकला, मुंग्या काही हटल्या नाहीत. मग वैद्य म्हणाले, हा मधुमेह. त्यांनी गूळ-साखर तोडली, जांभळाच्या बियांची पूड दिली, कारल्याचा रस दिला. मायनं नाक दाबून तो प्यायला आणि वर वैद्यालाच ऐकवलं, "मी इतकी कडू बोलते, अन् मलेच गोडाची बिमारी झाली काय?" वैद्यसुद्धा हसले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, गोड सोडलं की संपलं. त्या बिमारीचा हातापायांच्या सांध्यांशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आधी तिचे हात गेले. दुखत फारसे नव्हते, नुसते आखडले. बोटं पुरती सरळ होईनात, तळहाताची कातडी जाड आणि घट्ट झाली. एका लग्नात ती पोळी पसरवायला लागली आणि पोळी मधोमध फाटून चुलीत पडली. तिनं दुसरा गोळा घेतला, तोही फाटला. बाया म्हणाल्या, "असू द्या बाई, कणीकच वाईट आहे." कणीक चांगली होती हे सगळ्यांना दिसत होतं. माय घरी आली आणि तिनं मडकं फळीवर चढवून ठेवलं. संध्याकाळी ती तुळशीपुढं हात जोडायची तेव्हा तिचे तळवे एकमेकांना टेकायचे नाहीत. मधे फट राहायची आणि त्या फटीतून मला तुळस दिसायची. आत्या मागून ओरडायची, "नीट हात जोड वं, देवापुढं कायची एवढी अकड?" माय म्हणायची, "देवाले समजते." तिच्या आवाजात तेव्हा राग नव्हता, याचंच मला भ्या वाटायचं.

मग उजवा खांदा धरला. माझी वेणी तीच घालायची. एक दिवस तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला आणि तिथंच अडकला. "खाली बस," ती म्हणाली. मी खाली बसले. "अजून खाली." मी जमिनीला टेकले तरी तिला जमेना. कंगवा माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "मोठी झाली आता तू, आपली आपण घालत जाय." आत्यानं तापल्या विटेचा शेक दिला, वाताचं तेल जिरवलं, एरंडाची पानं बांधली. खांदा तसाच राहिला.

तेव्हा बाबा तिला नागपूरला घेऊन गेले. आमच्या सौंसरातून छोट्या लाइनीची गाडी नागपूरला जायची. डॉक्टरांनी लघवी नळीत तापवून पाहिली, तिचा विटेसारखा रंग झाला. बाबांना समोर बसवून त्यांनी शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. रक्तात साखर फार राहिली की सांध्यांना धरून ठेवणारे पडदे आणि शिरा जाड होतात, आखडतात. खांदा धरतो, बोटं वाकडी राहतात. हा नुसता वात नाही. साखर ताब्यात आली तरच सांधे ऐकतील. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. आणि तापली वीट लावायची नाही, कोमट पाण्यात हात सोडून बसायचं, ते पाणीसुद्धा दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहायचं, मग पाण्यातच बोटं उघडायची, मिटायची. खांद्यासाठी त्यांनी भिंत सांगितली. भिंतीशी उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची, जिथं दुखेल तिथं थोडं थांबायचं आणि उतरायचं. जोर करायचा नाही, पण एकही दिवस चुकवायचा नाही.

माय घरी येऊन रोज भिंत चढायला लागली. आत्या तिळाचं तेल चोळून द्यायची, त्यामुळं तिच्या बोटांचे तेलकट डाग भिंतीवर उमटायचे. आधी ते तिच्या छातीएवढ्या उंचीवर होते, मग गळ्याएवढ्या, मग कानाएवढ्या. "पहाय, आज भिंतीवरच्या त्या पालीपर्यंत पोचली मी," ती मला हाक मारून दाखवायची. कंपाउंडर सकाळी येऊन सुई टोचून जायचा. सुईच्या बाटल्या बाबा दर महिन्याला नागपूरहून आणायचे, कारण महिन्यातून एकदा तरी शाळेचं काम त्यांना नागपूरला न्यायचंच. पुस्तकं, नकाशे, परीक्षेचे पेपर, शिक्षण खात्याची कचेरी, सगळं तिकडंच होतं. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायच्या हे माझं काम. एका वर्षात मायचा हात माझ्या डोक्यावर पोचला. तिनं त्या दिवशी माझी वेणी घातली, वाकडी घातली, आणि मी ती दोन दिवस सोडली नाही.

मग राज्यांची फेररचना झाली. आमच्याकडे ती बातमी कशी आली म्हणून सांगू? पेपरात नकाशा छापून आला आणि बाबा तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. नागपूर राज्याची राजधानी होतं, ते आता मुंबईच्या राज्यात गेलं. आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. मराठी बोलणारे आम्ही, मराठी शिकवणारे बाबा, आणि रेघ आमच्या अंगणापासून जवळच, पण पलीकडून गेली. आळीत लोक तावातावानं बोलायचे. बाबा तो नकाशा पुन्हा पुन्हा उघडून बसायचे. माय म्हणाली, "इतकं तोंड कायले पाडून बसले? नागपूर उचलून नेलं काय त्यायनं? गाडी तर आजही गेली मा." ती खरं बोलत होती. गाडी रोज जायची, रूळ तेच होते.

पण बाबांची कामं फिरली. शाळेचा कागद आता छिंदवाड्याला जायचा, तिथून पुढं भोपाळला. पुस्तकं तिकडून यायची, हिंदीतून पत्रं यायची, बाबा शब्दार्थ पाहत पाहत त्यांची उत्तरं लिहायचे. नागपूरला जायला कारण राहिलं नाही. आधी बायकोचं औषध हे शाळेच्या कामासोबत येत होतं. आता फक्त औषधासाठी रजा काढून दुसऱ्या राज्यात जायचं हे त्यांना कसंसंच वाटायचं. माझे बाबा वाईट माणूस नव्हते. पण मास्तर माणूस, कामाशिवाय गाव सोडणं त्यांच्या अंगातच नव्हतं. महिन्याच्या बाटल्या दोन महिने पुरवायला लागले. कंपाउंडर एक दिवसाआड यायला लागला, मग आठवड्यातून एकदा. मला आजही त्या नकाशाचा राग येतो, आणि नकाशावर राग काढता येत नाही याचाही येतो.

सुई कमी झाली तसा मायच्या पायांत जाळ सुरू झाला. तळपायांत निखारे भरल्यासारखं व्हायचं. घोटे ठणकायचे, बोटांत सुया टोचायच्या. पांघरुणाचं टोक लागलेलं सहन व्हायचं नाही. आधी रोज दिवेलागणीला मी तिचे पाय चेपायची, ती मला आळीतल्या गोष्टी सांगायची, हा आमचा दोघींचा वेळ होता. आता मी हात लावला की ती पाय ओढून घ्यायची. "नको वं, हात नको लावू," म्हणायची. कधी फटकळ बोलणारी माझी माय, चुलीपाशी बसल्या बसल्या नुसती डोळे पुसायची. ते मला बघवत नसे.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा पांढुर्ण्याचा, जेठातली तिथी निघाली. मायला एकच घोर लागला. पोळ्या तर आता तिच्यानं होणार नव्हत्या, तिनं तो विचार सोडून दिला होता. पण मांडवात तिला आपल्या पायांनी हिंडायचं होतं. "मुलीची माय खाटेवर अन् पाहुणे तिले पाहायले येऊन राहिले, असं नाही होऊ देणार मी," ती म्हणायची. तिनं जामसांवळीच्या मारुतीला नवस बोलला. पाय दुखायचे थांबले तर चैत्रात अनवाणी चालत दर्शनाला येईन. जामसांवळीचा मारुती निजलेला आहे, आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माय बाबांना म्हणाली, "त्याचेबी पाय दुखत असतील, म्हणून निजला असन. त्याले माहं दुखणं समजते." बाबा बऱ्याच दिवसांनी हसले.

आणि होळीच्या आसपास तिचे पाय दुखायचे थांबले.

एकदम नाही थांबले. जाळ कमी झाला, मग बोटांतल्या सुया गेल्या, मग ठणका गेला. एक दिवस तिनं पांघरूण पायांवर ओढून घेतलं आणि तशीच झोपून राहिली. सकाळी आत्यानं विचारलं तर म्हणाली, "काहीच नाही होऊन राहिलं. हलके झाले पाय." त्या दिवशी आमच्या घरात सण होता. बाबांनी मारुतीपुढं नारळ फोडला. आत्यानं दृष्ट काढली. माय घरभर हिंडली, अंगण सारवलं, शेजारणीकडे जाऊन बसून आली. कंपाउंडर आला तर तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. "दुखणंच गेलं, आता सुई कायले टोचता?" बाबांनाही ते पटलं. कोणाला पटलं नसतं? सारं जग औषध घेतं ते दुखणं जावं म्हणूनच घेतं.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, पाय लांब केलेले. मी तिच्या पायथ्याशी बसले आणि कितीतरी महिन्यांनी तिचे पाय चेपायला घेतले. तिनं पाय ओढून घेतला नाही, मला इतका आनंद झाला की मी चांगला जोर लावून चेपत होते. ती सोलता सोलता शेजारणीशी बोलत होती. मग थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाली, "बसली काय वं नुसती? चेपत काऊन नाही?" मी म्हटलं, "माय, चेपूनच तर राहिली." तिनं वळून पाहिलं. माझे दोन्ही हात तिच्या डाव्या पायावर होते. आम्ही तिघी खो खो हसलो. शेजारीण म्हणाली, "पोरीच्या हातात जीवच नाही, सासरी काय करन हे?"

चैत्रात मारुतीच्या जन्माच्या दिवशी आम्ही नवस फेडायला निघालो. माय, आत्या आणि मी. बाबा शाळेत होते. आम्हा दोघींच्या पायांत चपला, माय अनवाणी. सकाळी निघालो तेव्हा बरं होतं. वाटेत संत्र्याच्या बागा होत्या, तिथपर्यंत सावली होती. दर्शनाला गर्दी फार, बाहेर पडेपर्यंत ऊन माथ्यावर आलं. परतीचा रस्ता गिट्टीचा आणि उघडा. आमच्याकडचं चैत्रातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. नवसाच्या बाकी बाया पळत पळत झाडाखाली जायच्या, पाय हातात धरून बसायच्या, कोणी पदर फाडून पायांना बांधत होती. माझे तळवे चपलांतून भाजत होते. माय मात्र मधल्या रस्त्यानं चालत होती. सावकाश, ताठ, मान वर करून, बाजारातून भाजी आणायला निघाल्यासारखी.

बाया थांबून तिच्याकडे बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "तुम्हाले चटका नाही लागत काय बाई?" माय म्हणाली, "मारुतीनं घेतलं सगळं." ती बाई तिथंच रस्त्यावर वाकली आणि तिनं मायच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. मग दुसरी वाकली. लेकुरवाळ्या बायांनी आपली लेकरं तिच्या पायांवर घातली. माझी छाती अभिमानानं फुगली होती. ही माझी माय आहे असं मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्या बायांचे हात आजही मला दिसतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. इतके हात त्या पायांना लागले, आणि ते पाय भाजून राहिले आहेत हे एका हाताला कळलं नाही.

नवस फेडून आलेल्याचे पाय उंबरठ्याबाहेर धुवायची आमच्याकडे रीत आहे. घरी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माय उंबरठ्यावर बसली, मी परात पुढं सरकवली, तांब्यानं पाणी घातलं आणि हातानं तळवा चोळला. तळव्याची कातडी माझ्या हातात आली. खाली लाल मांस होतं. टाचेत एक बोराटीचा काटा मुळापर्यंत रुतलेला होता. मी किंचाळले. माय वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "काय झालं वं? तुले काही चावलं काय?"

तेव्हाही आम्हाला समजलं नाही. फोड आले, बरे होतील, नवसाचे फोड आहेत, असंच सगळे म्हणाले. आत्यानं कोरफडीचा गर लावला, काटा काढला. माय म्हणाली, दुखत तर नाही, मग कशाला बसून राहू? आणि ती कामाला लागली. लग्न तोंडावर आलं होतं. पापड, कुरडया, मसाले, पाहुण्यांच्या गाद्या. ती दिवसभर पायांवर होती. डावा घोटा सुजला. हात लावला तर गरम लागायचा. पायाचा मधला खोलगट भाग भरून सपाट झाला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळल्यासारखं दिसायला लागलं. आत्यानं निरगुडीची पानं गरम करून बांधली. "लचकला असन," माय म्हणायची. चालताना तिच्या पायातून बारीक करकर आवाज यायचा. ती थट्टा करायची, "लग्नाच्या वरातीत बाजा नाही लागत, मी आहे मा." दुखत नव्हतं ना. तुटलेल्या पावलावर माझी माय माझ्या लग्नाची तयारी करत हिंडत होती, आणि खूश होती.

मग वास यायला लागला. बाबांनी त्या दिवशी शाळेला कळवलं नाही, रजा मागितली नाही. मायला छोट्या गाडीत निजवून आम्ही नागपूरला नेलं. तेच डॉक्टर होते. त्यांनी फडकं सोडलं, पाऊल दोन्ही हातांत धरून थोडं हलवलं, आणि ते जिथं वळायला नको तिथं वळलं. माय छताकडे पाहत होती. डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन आले, मीही मागं गेले. ते म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव मेली. ज्या पायाला कळत नाही त्याची हाडं आत मोडतात, सांधा विस्कटतो, आणि माणूस त्याच्यावर चालत राहतो. वरून जखम सडली आहे, विष वर चढतं आहे. पाय काढावा लागेल.

बाबा म्हणाले, "पण तिचं दुखणं थांबलं होतं, डॉक्टर."

"थांबलं तेव्हाच आणायचं होतं, मास्तर," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस आलेच नाही तुम्ही. का बरं?"

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. त्यांची टोपी त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "इकडे काही काम निघालं नाही."

माझ्या बाबांना मी त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळदा रडताना पाहिलं, पण ते वाक्य बोलताना ते रडत नव्हते, आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट होतं.

माय पावसाळा लागायच्या आत गेली. विष चढतच राहिलं. माझं लग्न त्या जेठात झालं नाही, पुढच्या वर्षी झालं, त्याच घरात दिली मला. मांडवात माझी आई म्हणून आत्या उभी राहिली. निघताना मी आत जाऊन त्या भिंतीपाशी उभी राहिले. तेलाचे डाग तसेच होते, बाबांनी लग्नासाठी सारं घर रंगवलं पण ती भिंत रंगवू दिली नव्हती. मी सगळ्यात वरच्या डागाला हात लावून पाहिला. तो माझ्या डोक्याच्या बराच वर होता.

आता मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. मी चप्पल घातल्याशिवाय न्हाणीतसुद्धा जात नाही. रोज तळवे आरशात पाहते, पाण्यात सुनेचं कोपर आधी जातं, माझा पाय नंतर. बोटं उघडते, मिटते, भिंत चढते. सून म्हणते, आई, किती जपता. तिला मी हे सगळं सांगितलेलं आहे. एकच गोष्ट नाही सांगितली.

पाय काढल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. दुपार होती. बाबा खिडकीशी उभे होते, मी खाटेजवळ. माय ग्लानीतून जागी झाली आणि कण्हायला लागली. मी वाकले. ती म्हणाली, "पाय दुखून राहिला वं माहा."

मी म्हटलं, "कोणता, माय?"

"डावा. लय दुखते. जाळ होऊन राहिला नुसता."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, ते वळले नाहीत. चादर तिच्या गुडघ्याखाली सपाट पडलेली होती. तिला ठाऊक होतं, तिला सांगितलेलं होतं, पण तेव्हा ती ते विसरली होती, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

"चेपून दे ना थोडा," ती म्हणाली.

मी खाटेच्या पायथ्याशी बसले. जिथं पाय असायला हवा होता तिथं दोन्ही हात ठेवले आणि चादर चेपायला लागले.

"अजून खाली," माय म्हणाली. "घोट्यापाशी."

मी हात खाली सरकवले आणि जोर लावला. गादी दबली.

"हाव, अठीच," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. "आता लागून राहिला तुहा हात."